तळ्याच्या तळाशी

पशुवैद्य बाईंनी मेलेल्या अकराव्या लालसरी बदकाच्या पोटातली, दाणे दळणारी पेषणी कात्रीने उघडली आणि आतली वाळू पांढऱ्या ताटलीत झटकली. वाळूत शिशाचे तीन छर्रे होते, घासून चपटे झालेले.

मागे उभ्या असलेल्या वनखात्याच्या साहेबांनी ताटलीकडे पाहिलंही नाही.

"थंडीने मेली असं लिहा. दोन ओळी पुरेत."

बाईंनी हातमोजे काढले.

"साहेब, तिकडची तळी गोठतात म्हणून हे बदक डोंगर ओलांडून इथे येतं. त्याला आपल्याकडची थंडी बाधली?"

"तळ्यावर वीस वर्षं शिकारबंदी आहे. छर्रे सापडले म्हटलं की आपण झोपा काढत होतो असं होईल."

"मग मी सही करणार नाही."

"विचार करा," असं म्हणून साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर पडले.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. चपला न काढताच त्या वडिलांसमोर बसल्या. वडील मटार सोलत होते.

"बुडी मारून तळातल्या बिया खातात बिचारी, बाबा. त्या दळायला खडे गिळतात, त्यात छर्रेही जातात पोटात. मग पंख लुळे पडतात, मान उचलत नाही. आठवडा आठवडा मरत असतात. कोणीतरी चोरून बार काढतंय आणि साहेब त्याला पाठीशी घालतायत. असल्या माणसांना काही लाज?"

वडिलांचे हात थांबले.

"चोरूनच कशाला? शिसं गाळात तसंच पडून राहतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"बंदीच्या आधी दर रविवारी मी आणि तुझा काका जायचो. एका लालसरीमागे पाच-सहा बार. छर्रे बहुतेक पाण्यातच जायचे."

बाईंना लहानपणीचे रविवार आठवले. जेवताना दाताखाली कट्कन काहीतरी यायचं, ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचं, आणि काका विचारायचा, "किती निघाले गं?" जिला जास्त सापडतील ती जिंकली, असा बहिणी-बहिणींचा खेळ होता.

बाईंनी पिशवीतून कोरा अहवाल आणि तळ्याचा नकाशा काढला.

"कुठे बसायचात, ते दाखवा."

वडिलांनी हात पुसले, चष्मा लावला. बोट पश्चिमेच्या लव्हाळ्यावर टेकवलं.

"इथे."

मग ते बोट काठाकाठाने पुढे सरकू लागलं, आणि त्याच्यामागून बाईंची पेन्सिल.