दोन घरांचं पाठांतर

तनया पाचवीत होती आणि वर्गात तिच्याइतकं झटपट पाठ करणारं दुसरं कुणी नव्हतं. पाढे म्हणा, कविता म्हणा, दोनदा वाचलं की झालं. तिच्या या गुणाचा आपापल्या परीने उपयोग करून घ्यायचं दोन्ही घरांनी ठरवलं आणि सगळा घोळ झाला. पण झाला ते बरंच झालं.

तिची आई रुचिरा टेमघरला माहेरी, तात्या-माईंच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि शाळेत गणित शिकवायची. पप्पा, प्रितेश, मानकोलीचे. घरच्या शेतात आता गोदामं उभी होती, त्यांचा कारभार ते बघत. दोघांचा घटस्फोट होऊन सहा महिने झाले होते. तो तसा विनातंटा पार पडला. तंटा उरला होता तो तनयाचा. ती कुणाकडे राहणार याचा निकाल लागेपर्यंत शनिवारी दुपारी मानकोलीला जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं, असं कोर्टाने ठरवून दिलं होतं.

सोडायची-घ्यायची जागा म्हणजे टेमघरचं एक मेडिकल. आई स्कूटी बंद करायची नाही, पप्पा गाडीची काच खाली करायचे नाहीत. मधली सात-आठ पावलं तनयाची.

"त्यांना सांग, सोमवारी पेपर आहे, अभ्यास घ्या म्हणावं. जमत असेल तर!" आई म्हणायची.

"तिला बोल, मला शिकवू नको," पप्पा म्हणायचे.

तनया निरोप पोचवायची, पण जसाच्या तसा नाही. त्या सात-आठ पावलांत ती टोचणारे शब्द गाळायची, दोन बरे शब्द घालायची. शनिवार उजाडला की तिच्या पोटात ढवळायला लागायचं, कधी उलटीही व्हायची. माई म्हणायच्या, "बघा, तिकडे जायचं नावही सोसत नाही पोरीला." रविवारी मानकोलीहून निघताना तेच व्हायचं, आणि पप्पांची आई, हौसाआजी, म्हणायची, "बघा, पोरीला तिकडं जायाचंच न्हाय."

मग एका तारखेला न्यायाधीश मॅडमनी सांगितलं, मुलीशी मी स्वतः बोलणार. पुढच्या मंगळवारी तिला घेऊन या.

तात्या नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फुलस्केपवर मुद्दे काढले, नंबर घालून. "हे बघ तनू, खोटं काही बोलायचं नाही. फक्त क्रमाने बोलायचं." संध्याकाळी दिवा लावून झाला की तनया भिंतीशी उभी राहून म्हणून दाखवायची. आई आतून ऐकायची. एकदा ती काहीतरी बोलायला बाहेर आली, तात्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं आणि तशीच परत गेली.

मानकोलीला हे काम विनिताआत्याकडे होतं. कागद नाही, सगळं तोंडी. "बोलायचं, मला पप्पांकडंच राहायचं हाय. आई दिवसभर शाळेत, घरी आली की पेपर तपासते, माझ्याकडं कोण बघत न्हाय. काय बोलायचं?" तनयाने म्हणून दाखवलं. पप्पा समोरच मोबाइलवर होते. "आत्या बोलते ते लक्षात ठेव," एवढंच ते म्हणाले, मान वर न करता.

मंगळवारी ठाण्याच्या कोर्टात मॅडमच्या खोलीत तनया एकटी गेली. बाहेर एका बाकावर आई आणि तात्या, समोरच्या बाकावर पप्पा आणि आत्या. सगळ्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. चौघांच्या चार माना.

मॅडम तिच्या आईपेक्षा मोठ्या, चष्मेवाल्या. "नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

एवढंच विचारलं होतं. पण तनया हात मागे बांधून उभी राहिली आणि सुरू झाली. "माझं नाव तनया. मला माझ्या आईसोबत राहायचं आहे. तिथे माझा अभ्यास नियमित होतो. पप्पांकडे सगळे कामात असतात, त्यामुळे माझ्याकडे... माझ्याकडं कोण बघत न्हाय. आई दिवसभर शाळेत असते, घरी आली की पेपर तपासते, म्हणून मला पप्पांकडंच राहायचं हाय."

ती थांबली. काय झालं ते तिच्या लक्षात आलं.

"चुकलं," ती म्हणाली. "परत म्हणू का? पहिल्यापासून?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नको. बस इथे." त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "यातलं तुझं कुठलं?"

तनयाने बोटांवर एकेक वाक्य मोजून बघितलं. "नाव," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मॅडमनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "कोणाकडे राहायचं हे मी तुला विचारणारच नव्हते. ते ठरवायचं काम माझं आहे. कोणाला राग आला तर तो माझ्यावर येईल. तुझं त्यात काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तनयाला वाटलं, दप्तर कुणीतरी मागून अलगद काढून घेतलं. मग तिने आपणहून सगळं सांगितलं. उलट्या, मेडिकल, निरोप. बदललेले निरोपसुद्धा.

"हे मी त्यांना सांगू?" मॅडमनी विचारलं.

"सांगा. पण मी इथे नको."

तिला बाहेर कोर्टातल्या शिपाई मैनाताईंजवळ बसवलं आणि आत फक्त आई-पप्पांना बोलावलं. वकीलही नाहीत. मैनाताईंनी बिस्किटं दिली. पाऊण तासाने दार उघडलं. आईचा पदर ओला होता. पप्पांचे डोळे लाल.

"कधीपासून बदलून सांगत होतीस?" पप्पांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

आईने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे माझ्या वाढदिवसाला यांनी 'शुभेच्छा, तब्येतीला जप' म्हणून सांगितलं होतं, ते?"

"ते माझं होतं."

"मी कवा बोललो शुभेच्छा!" पप्पा म्हणाले, आणि आई रडता रडता हसली. पप्पांनाही हसू आवरलं नाही. कोर्टाच्या त्या व्हरांड्यात त्यांच्याकडे बघणाऱ्यांना काही कळेना.

त्याच महिन्यात दोघांच्या संमतीने निकाल झाला. शाळेचे दिवस टेमघरला, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार मानकोलीला, सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या. बोलायचं ते दोघांनी थेट एकमेकांशी. तात्या दोन दिवस घुश्शात होते. आत्या तर पुढे महिनाभर आईचं नाव निघालं की उठून जायची. ते चाललंच.

पहिल्या शुक्रवारी पप्पा जिना चढून दारापर्यंत आले. आईने खोकल्याची बाटली त्यांच्याच हातात दिली. "झोपताना एक चमचा. दही देऊ नका."

"माझ्या आईला सांगतो. ती देते गुपचूप." पप्पा जरा घुटमळले. "सोमवारी पेपर कसला हाय?"

"भूगोल. नकाशे भरून घ्या."

तनया बूट घालत होती. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं, आणि ते तिला फार छान वाटलं.

शनिवारी ती उठली तेव्हा नऊ वाजून गेले होते. पोट शांत होतं. पप्पांच्या वडिलांना, काळूरामआजोबांना, अंबाडीच्या बाजारातून मिरचीची रोपं आणायची होती, त्यांनी तिला जीपमध्ये पुढे बसवलं. रस्त्यात तिने माईंच्या दुखऱ्या गुडघ्याचं सांगितलं, आईने स्कूटी कशी पाडली ते सांगितलं. बोलून झाल्यावर तिने बिचकून आजोबांकडे बघितलं. एका घरातलं दुसऱ्या घरात ती कधीच बोलली नव्हती.

"मग? लागलं का तिला?" आजोबांनी विचारलं.

"थोडंसं. कोपराला."

"हळद लावली ना?"

"लावली. पण तात्यांनी आधी अर्धा तास कसं चालवायचं ते समजावलं."

आजोबा खो खो हसले. तनया सीटवर पाय वर घेऊन नीट बसली आणि तात्यांचं पुढचं सांगायला लागली. अंबाडी आली, बाजार आला, आजोबांनी जीप लावली, तरी तिचं सांगून झालं नव्हतं.