मामाला द्यायचा दात

"चंपे, नलूचा हा दात निघाला का उकिरड्यात नोको टाकू. मलेच आणून देजो. कौलावर मीच फेकीन."

"देईन रे भाऊ," चंपा म्हणाली होती.

फकिराचा आवाज कानात राहिला, फकिरा राहिला नाही. भिलाईच्या कारखान्याची भट्टी अजून पेटायची होती. पाया खोदायला आलेला तिचा धडधाकट भाऊ कॅम्पातल्या झोपडीत तापाने फणफणला आणि चैत्र सरायच्या आत गेला.

चंपाच्या लेकीच्या, नलूच्या, वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध एक टोकदार दात उगवला होता. "मामाले खाणारा दात हाय हा," सासू भीमाबाई म्हणायची. फकिरा हसायचा, नलूच्या तोंडात बोट द्यायचा. "खाय वं मले, पाहू!" एकदा ती खरंच चावली. आठवड्याभरात त्याला ताप आला. तेव्हापासून पोर तोंडावर हात धरूनच बोले. हसणं तर सोडाच, जेवतानाही भिंतीकडे तोंड करी.

सोमवारी चंपाने महादेवाला पाणी घातलं, उपास धरला आणि पोरीला दवाखान्यात नेलं.

दातांचे डॉक्टर चंपासारखेच नागपूरकडचे. आरसा फिरवत म्हणाले, "जास्तीचे दात आम्ही आधी आकारावरून ओळखतो. एक सुळक्यासारखा, एक गाठीगाठींचा, एक शेजारच्या दाताची हुबेहूब नक्कल, आणि एक नुसताच गोळा. मग जागा पाहतो. पुढे मधोमध, दाढेच्या कडेला, की दाढेमागे. हिचा सुळका, मधोमध. बहुतेक हाच सापडतो."

नलूने तोंड मिटलं. "यातला मामाले खाणारा कोणता?"

डॉक्टरांचा हात थांबला. "तसा प्रकारच नाही, बाळ."

"तुमाले मालूम नसन," नलू म्हणाली.

दात निघाला. रक्ताची चूळ टाकून नलूने विचारलं, "आता मामा येईन, माय?"

एवढ्यासाठीच पोर सुई टोचताना हूं की चूं न करता बसली होती! चंपाने पदराने तिचे ओठ पुसले. खोटं बोलावं, तर उपासाचा दिवस.

"नाही वं बाई. गेलेलं माणूस येत नाही. अन् तू नाही खाल्लं त्याले. तापानं नेलं."

नलूचा हात पुन्हा तोंडावर गेला.

कापसात गुंडाळलेला दात चंपाने पदराच्या गाठीत बांधला. घराकडे न वळता तिने शिवनाथ नदीची वाट धरली. तिथेच काठावर फकिराला अग्नी दिला होता.

"कुठी चाललो आपण?"

"मामाले दात द्याले," चंपा म्हणाली, आणि पोरीचा तोंडावरचा हात तिने आपल्या हातात घेतला.