पाय लागला

अपघातानंतर मला कमरेखाली काहीच कळत नाही. पडेगावच्या घरी एक मशीन आणलंय. मांडीला पट्ट्या चिकटवून बटण दाबलं की विजेच्या झटक्यानं पाय गुडघ्यातून सरळ होतो. बटण खरं तर माझ्याच हातात हवं. पण पाहुणे आले की माझी बायको निशा ते काढून घेते. तिला कौतुक दाखवायचं असतं अन् मी होतो मदाऱ्याचं माकड.

काल देवगाव रंगारीहून काका आले. माझ्या खुर्चीपुढं खाली बसून माय चहा ओतत होती.

"बघा हं काका," म्हणत निशानं बटण दाबलं. या वेळी तिनं जोरही वाढवला होता. पाय ताडकन उडाला तो थेट मायच्या खांद्यावर. चहा तिच्या लुगड्यावर सांडला, तेव्हा मला समजलं.

"पाहिलं, केवढी ताकद आलीय!" निशा खूश.

लाथ निशानं मारली होती, पण पाय माझा होता. मी हात जोडले. "माय, पाय लागला गं. माफ कर."

मायनं पदरानं आधी माझ्या पायावरचा चहा पुसला. मग प्रेमानं म्हणाली, "असू दे राजा. तुला कुठं कळतंय?"