येतो म्हणून गेलेली शीला

संधिवात झालेलं शरीर सकाळी लाकडासारखं असतं. याच हातांनी मी कामरगावच्या शेतात ओटी भरभरून कापूस वेचला. आता पाण्याचा मगही धरवत नाही. रोज आंघोळ घालणारी ज्योत्स्ना बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून त्या दिवशी शीला पहिल्यांदाच कामाला आली. मुलगा भागवत आणि सून साधना भाजी घेऊन वाशीमच्या बाजाराला गेले होते.

शीलानं मला न्हाणीतल्या खुर्चीवर बसवून पाणी घातलं. वॉकर भिजू नये म्हणून दाराबाहेर ठेवला.

"आता माझं मी पाहतो," मी अंग चोळण्यापुरतं म्हटलं. तिला वाटलं, पुढचं सगळंच माझं मी पाहीन.

"येतो मंग, आजी."

"ये बाई, लवकर ये."

मला वाटलं, टॉवेल आणायला गेली. फाटक वाजलं. बराच वेळ कोणीच आलं नाही, तेव्हा कळलं. आमच्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. मीही जन्मभर 'येतो' म्हणूनच उंबरे ओलांडले. ती आपल्या घरी गेली होती, आणि मी तिला हसून निरोप दिला होता.

"शीला! अवं शीला!"

शेजारच्या पंपाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? जितकं बसावं तितके सांधे आवळतात, आणि अंगावर ओलं लुगडं. शेजारची कस्तुराबाई अशीच ओल्या फरशीवर पडली होती. ती पुन्हा खाटेवरून उठलीच नाही. उठायची भीती, बसून राहायचीही भीती.

भिंतीत बसवलेला आधाराचा दांडा बोटांनी धरवेना, म्हणून त्यात कोपर अडकवून उठले. पाय सरकला. सगळा भार कोपरावर आला; ओरडायलाही सुचलं नाही. कशीबशी परत खुर्चीत बसले. वॉकर समोर दिसत होता, पण मध्ये ती फरशी. मग दांड्याला कोपर लावून अर्धं उठायचं, बसायचं, एवढंच करत राहिले. गुडघे बंद पडू द्यायचे नव्हते.

उन्हं कलल्यावर साधना आली.

"अवं आत्याबाई! तुमी न्हाणीतच? शीला कुठी गेली?"

"येतो म्हणून गेली वं."

"अन् तुमी काय म्हणलं?"

"ये म्हणलं."

साधनाला हसू फुटलं, पण माझं तोंड पाहून तिनं ते आवरलं.

"थांबा, कोरडं लुगडं घेऊन येतो."

ती दाराकडे वळली. बोटांत जोर नव्हता, म्हणून मी तिचा पदर दोन्ही मनगटांत दाबून धरला आणि सोडलाच नाही.