लाभ कुणी मोजतं व्हय

करुणानं चिपट्यातल्या धन्यांवरून बोट फिरवून माप सपाट केलं आणि धने काट्यावरच्या ताटलीत ओतले. पंच्याण्णव ग्रॅम. एका चिपट्याचे एवढे, तर तीन चिपट्यांचे…

"सकाळी पण एवढंच भरलं होतं," गॅसजवळून आईची मैत्रीण ताहेराखाला म्हणाली. "किती बार विचारशील त्या काट्याला."

सकाळपासून आमटीचा येसर मसाला दोनदा भाजून दळून झाला होता. दोन्ही वेळा आमटी पातळ झाली आणि तिखट घशाशी लागलं. शेंद्र्याच्या एका कारखान्याचं कँटीन चालवणारा इंद्रजीत संध्याकाळी नमुना न्यायला येणार होता. करुणाच्या आईच्या, कडूबाईच्या हातची येसराची आमटी त्यानं उन्हाळ्यात एका लग्नात खाल्ली होती. आता त्याला महिन्याला वीस किलो येसर हवा होता. "माप नको, ताई, वजनानं करा. चव बदलली की पोरं ताट माझ्या डोक्यात घालतील."

तोवर आई गेली होती. करुणानं तरीही हो म्हटलं. ऑर्डर हुकली असती तर तिनं दुसरं काही पाहिलं असतं. पण आईची चव या घरात कुणालाच जमत नाही, हे आज पक्कं झालं असतं.

"खाला, तुम्ही नक्की सांगताय ना? गहू एक, डाळ एक, धने तीन?"

"वीस साल तिच्याजवळ बसून भाजलं मी. ती मोठ्यानं मोजायची. बहिरी नाय मी."

"मग ती मोजायची तसं मोजून दाखवा."

खालानं कपाळाला हात लावला, पण चिपटं घेतलं. धन्यात बुडवलं, भरलं, परातीत ओतलं.

"लाभ." पुन्हा भरलं. "एक." पुन्हा. "दोन. तीन."

करुणा परातीकडे बघत राहिली.

"खाला, हे चार झाले."

"तीनच की."

"लाभ धरून चार. सगळे पहिल्या मापाला लाभ म्हणतात आणि पुढं दोन मोजतात."

"हां, आम्ही पण. बरकत, दोन, तीन." खालाचा हात थांबला. "मी सांगायची तिला, अगे कडूबाई, लाभ झाला, आता दोन म्हण. तर म्हणायची, लाभ कुणी मोजतं व्हय?"

"म्हणजे गहू दोन. डाळ पण दोन."

"आणि मिरच्या मुठीनं. त्याला लाभ नाय."

"म्हणून तर तिखट लागत होतं. मिरच्या पूर्ण आणि बाकी सगळं कमी."

दोघी एकदमच उठल्या. करुणानं गहू काट्यावर घातले, आकडा मोठ्यानं वाचला, दुप्पट केला, डाळीचंही तेच. खालानं कढई तापत ठेवली. "सरक तिकडं, करपवशील," असं म्हणत तिनं झारा हिसकावला आणि करुणा चक्क हसली. गव्हाचा खरपूस वास ओट्यावर पसरला. मिक्सरचं भांडं गरम व्हायला लागलं, तरी तिला थांबवेना. तिनं झाकण उघडून चिमूट जिभेवर ठेवली, आणखी एक ठेवली, आणि पातेलं गॅसवर चढवलं.

या वेळी आमटी उकळी येताच आळून आली. बुडबुडे जड होऊन फुटू लागले.

"तुम्ही बघा आधी," करुणा म्हणाली. तिचा स्वतःचा हात पळीकडे जात नव्हता.

खालानं पळीतली आमटी फुंकून तळहातावर घेतली आणि ओठांना लावली. तिचे डोळे मिटले. मग नेहमीच्या तक्रारीच्या सुरात म्हणाली,

"मीठ इसरलीस परत, कडूबाई. हर बार तुझं हेच."

गॅसवर आमटी रटरटत होती. खालाचे डोळे अजून मिटलेलेच होते.

करुणानं मिठाची बरणी हळूच तिच्या हाताशी सरकवली.

"मग घाल की तूच," ती आईच्या सुरात म्हणाली.