स्लावाच्या दिवशीचं पाकीट

सर्बियात स्लावाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाला, कुणाला बोलवायचं नसतं आणि आलेल्याला परत धाडायचं नसतं. त्यामुळे तांब्याच्या कारखान्यातला चिनी इंजिनिअर फान दारात उभा दिसला, तेव्हा मिलुंकाला ‘या’ म्हणावंच लागलं.

त्याच्या हातात पांढरी फुलं होती. तिने सवयीने मोजली. आठ!

सम संख्येची फुलं कुणी घरात आणत नाही, ती थडग्यावर वाहायची. टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

“वहिनी, कळलं ना? धमकी आहे ही,” दीर राडिशा पुटपुटला. “लिही आणखी तक्रारी!”

“गप रे. त्यांच्यात चालत असेल.”

“त्यांच्यात काय चालतं ते बघतोय ना, कारखाना त्यांनी घेतल्यापासून सात वर्षं! आपल्याला चोर समजतात, चोर.”

तक्रार मिलुंकाचीच होती. ती कामगारांची प्रतिनिधी. भट्टीतून वायू गळतो, माणसं खोकून बेजार होतात, हे तिने सरकारी निरीक्षकाला कळवलं होतं. पुरावा आणा, नाहीतर येत्या शुक्रवारी तक्रार निकालात काढतो, असं त्याने बजावलं होतं. वायूच्या मोजमापाचे आकडे तर चिन्यांच्या कुलपात. राजधानीतले मंत्री त्यांच्याशी अतूट मैत्रीची भाषणं ठोकण्यात दंग, गरिबाच्या छातीचं कुणाला पडलंय!

फानने सणाचे शिजवलेले गहू चमचाभर खाल्ले, वाइनला ओठ लावले. त्याच्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. निघताना दाराशी त्याने मिलुंकाच्या हातात जाडजूड पाकीट कोंबलं आणि मोडक्यातोडक्या सर्बियनमध्ये म्हणाला, “तुम्ही. एकटी. नंतर.”

राडिशाच्या नजरेतून ते सुटतंय थोडंच!

“आधी थडगं दाखवायचं, मग पैसे! उघडू नकोस, वहिनी. उघडलंस तर उद्या गावभर होईल, मिलुंका विकली गेली.”

मिलुंकाला संतापाने रडू आलं. तीस वर्षं भट्टीपाशी काढली, आणि हे मला विकत घ्यायला निघाले!

सोमवारी सकाळी ती पाकीट घेऊन तडक कारखान्याचा उपसंचालक वुकाशिन याच्याकडे गेली. चिनी साहेबांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. वुकाशिन गावातलाच, आपला माणूस.

“उघडलेलं नाही, बघून घ्या. सांगा त्यांना, मिलुंका विकाऊ नाही म्हणावं.”

वुकाशिनने पाकीट फोडलं. पैसे नव्हतेच. आत कागदच कागद होते: भट्टीतल्या वायूचे वर्षभराचे आकडे, तारीखवार, सर्बियनमध्ये उतरवलेले. प्रत्येक पानाखाली फानची सही होती.

मिलुंकाला निरीक्षकासाठी हवा होता, तोच हा पुरावा! तिने हात पुढे केला, पण तोवर कागद खणात गेले होते आणि वुकाशिन किल्ली फिरवत होता.

“शाब्बास, मिलुंकाताई,” तो म्हणाला. “असा प्रामाणिकपणा आता बघायला मिळत नाही.”

मग त्याने फोन उचलला आणि फान आज कुठल्या पाळीला आहे, ते विचारलं.