जाडीतून कापलेले तुकडे

कारखान्यात मला सगळे भिंगबाई म्हणतात. बाळंतपणाच्या रजेवरून आले ती हातात भिंग घेऊनच, असं कटिंगवाले काका सांगत फिरतात. खोटं नाही. घरी झोपलेल्या लेकीचा श्वास मी तीनतीनदा बघते, इथे धातू.

विमानाच्या दारांच्या बिजागऱ्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या जाड प्लेटा आल्या होत्या. काही भट्टीत कमी वेळ ठेवलेल्या, त्यांची ताकद पुरेपूर. काही जास्त वेळ, त्यांची दहाव्या हिश्शाने कमी. साहेबांना ताकदवान हव्या होत्या, आणि तपासणीची सही माझी लागणार होती.

"महिनाभर मिठाच्या पाण्यात टिकल्यात. आता सही करा."

"ते तुकडे लांबीतून कापलेले होते, साहेब. प्लेट लाटताना आतले कण चपटे होतात, थर पडतात. तडा जातो तो त्या थरांमधून. जाडीतून कापून ताण दिल्याशिवाय तो दिसणारच नाही."

"आणि नाहीच गेला तर?"

"सही करते, आणि परत तोंड उघडत नाही."

बोलून गेले खरी, आणि तडक कटिंगवाल्या काकांकडे गेले.

जाडीतून कापलेले तुकडे जेमतेम बोटाएवढे निघाले. "भिंगबाई, लेकीला खुळखुळा करताय का?" काकांनी विचारलं.

"तसंच समजा. पण कडा गुळगुळीत द्या."

दोन्ही प्रकारचे तीन-तीन तुकडे ताणून बसवले. दर तासाला दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात, पन्नास मिनिटं हवेत, असे तीस दिवस. दहा दिवस काही नाही. साहेब जाता-येता माझ्याकडे बघून नुसते हसायचे. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला की सासूबाई म्हणायच्या, "पोर मजेत आहे गं. तू तुझं काम बघ."

अकराव्या दिवशी सकाळी एका ताकदवान तुकड्यावर केसाहून बारीक रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून पुसली. गेली नाही. तुकडा फिरवला, तर ती पलीकडेही पोचलेली. दुपारी टक् असा आवाज झाला आणि त्याचे दोन भाग झाले. संध्याकाळपर्यंत दुसराही गेला. कमी ताकदीचे तिन्ही नुसते काळवंडले होते.

साहेबांनी तुटलेले भाग जुळवून पाहिले, परत वेगळे केले.

"बिजागरी थोडी जाड करायला सांगतो," शेवटी ते म्हणाले. "त्या कमी ताकदीच्या प्लेटा घेऊ. करा त्यांच्यावर सही."

"अजून एकोणीस दिवस आहेत, साहेब."

"अहो, तुमचंच म्हणणं खरं ठरलं की!"

"ताकदवान प्लेटांबद्दल," मी म्हणाले, आणि काळवंडलेल्या तुकड्यावर भिंग धरलं.